शनिवारवाडा आणि हजारी कारंजे : पाणी, दाब आणि नजर

१. प्रतिपाद्य

शनिवारवाड्याविषयी मराठीत उदंड लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लिखाण तिथे राहिलेल्या, मसलती केलेल्या आणि मारल्या गेलेल्या माणसांविषयी आहे. वाडा त्यात पार्श्वभूमीपुरता येतो. हजारी कारंज्याच्या वाट्याला तर एखादे वाक्य येते : सोळा पाकळ्यांचे कमळ, सवाई माधवरावांसाठी बांधले. या लेखात माणसे मागे ठेवून वास्तूकडे पाहायचे आहे आणि तेही पाण्याच्या बाजूने.

प्रतिपाद्य थोडक्यात असे. कारंजे उडायला तीन गोष्टींची जुळणी लागते : लांबून आणलेले पाणी, त्या पाण्याला दाब देणारी उंची, आणि जिथून ते नीट दिसेल अशी जागा. हजारी कारंज्याच्या या तिन्ही बाजू काळाच्या ओघात तुटल्या आणि कुंड तेवढे उरले. १९१९ पासून कायदा राखतो आहे ते हे कुंड आणि त्याभोवतीची जोती. उरलेल्या भागावरून गेलेला भाग कितपत समजून घेता येतो, याची ही तपासणी आहे.

२. साधने आणि त्यांची पत

या विषयाची साधने पाच प्रकारची आहेत. पहिले, पेशवे दप्तरातील कागद. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले गेले. दुसरे, इंग्रजांनी लिहिलेले इतिहास आणि गॅझेटियरे. ग्रँट डफचा इतिहास पेशवाई बुडाल्यानंतर दशकभराच्या आत छापून आला आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे पुणे खंड १८८५ चे आहेत. तिसरे, चित्रे. १७९० च्या तहाचा दरबार दाखवणारे थॉमस डॅनियलचे चित्र जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून तयार झाले; गणेश रंगमहालाच्या आतल्या थाटाची कल्पना आज प्रामुख्याने त्यावरूनच येते. चौथे, जमिनीवर उरलेले अवशेष. पाचवे साधन म्हणजे पदार्थविज्ञान. त्याचा वापर आपल्याकडे क्वचितच होतो.

पाचव्या साधनाला इथे मुद्दाम मान दिला आहे. बखरकार धन्याला खूश करण्यासाठी आकडा फुगवील आणि माहितीफलक दुसऱ्या फलकाची नक्कल करील. पाणी मात्र अठराव्या शतकात ज्या नियमाने चढत-उतरत होते त्याच नियमाने आजही चढते-उतरते. लेखी वर्णन आणि पाण्याचा नियम यांत विसंगती दिसली, तर फेरतपासणी वर्णनाची करायची, हा या विवेचनाचा दंडक आहे.

३. वाड्याची घडण

पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. दोन्ही दिवस शनिवार होते, मात्र या तारखा त्या वेळच्या इंग्रजी, म्हणजे ज्युलियन, गणनेतल्या आहेत. आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत त्याच तारखा ताडून पाहणाऱ्याला वार जुळणार नाही. अकरा दिवस पुढे मोजले की शनिवार सापडतो. पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. सागवान जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि चुना जेजुरीकडचा.

बांधकामाची पद्धत पुढच्या सगळ्या इतिहासाला कारणीभूत ठरली. जोते घडीव दगडाचे. त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा. सांगाड्याच्या मधल्या भिंती विटेच्या. तटाची गतही तीच : खाली दगड, वर वीट. वाड्याचे सौंदर्य, म्हणजे महिरपी, छत, नक्षी, सज्जे, सारे वर आणि लाकडात होते. वजन पेलणारा आणि पाणी वाहणारा भाग खाली, दगडचुन्यात होता. आग लागली तेव्हा काय जाणार आणि काय राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरून गेले होते.

तट-बुरुज असले तरी शनिवारवाड्याला किल्ला म्हणणे दिशाभूल करणारे आहे. त्याची प्रकृती शहरातल्या राहत्या वाड्याचीच आहे : चौकांभोवती चौक, खाली कचेऱ्या आणि कोठ्या, वर दिवाणखाने आणि राहण्याचे महाल. पुण्यातल्या नाना वाड्यात किंवा दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात हीच मांडणी लहान प्रमाणात दिसते. शनिवारवाडा एका आराखड्यानुसार एकदम उभा राहिलेला नाही. पहिल्या बाजीरावाने तो आटोपशीर बांधला आणि नानासाहेबांपासून पुढे प्रत्येकाने त्यात भर घातली. आरसे महाल, हस्तिदंती महाल, नारायणरावाचा महाल, गणेश रंगमहाल ही नावे या वाढीच्या खुणा आहेत. हजारी कारंजे याच वाढीच्या उत्तरार्धातले आहे.

४. पाण्याचा उगम : कात्रज

मुळा-मुठेच्या काठी वसूनही जुन्या पुण्याच्या पेठांना नदीचे पाणी सोयीचे नव्हते. नदी खाली आणि वस्ती वर. पंप नसलेल्या काळात खालचे पाणी वर नेणे म्हणजे मोट, पखाल किंवा खांद्यावरची कावड. म्हणून पाणी वस्तीपेक्षा उंच जागेवरून आणणे भाग होते. नानासाहेबांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी बंधारे घालून पाणी अडवले गेले आणि बंदिस्त नळातून ते उताराने शहरात आणले गेले. वाटेतल्या आणि पेठांमधल्या हौदांना पाणी देत नळ वाड्यापर्यंत पोचत असे.

‘नळ’ म्हटल्यावर आज डोळ्यांपुढे लोखंडी पाइप येतो. कात्रजचा नळ म्हणजे दगड-चुन्यात बांधलेला, वरून झाकलेला भुयारी पाट. त्याचा मोठा भाग माणूस आत शिरून चालू शकेल इतका उंच आहे. एवढी उंची पाण्यासाठी लागत नाही, पाणी तळाशीच वाहते. ती उंची गाळ काढणाऱ्या माणसासाठी आहे. नळावर ठरावीक अंतराने उभारलेले उच्छ्वास हा या व्यवस्थेचा दुसरा महत्त्वाचा भाग. उच्छ्वासातून आत कोंडलेली हवा बाहेर पडते, पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहता येते आणि दुरुस्तीसाठी आत उतरता येते. शहर वाढले तसे बरेच उच्छ्वास घरांच्या आणि रस्त्यांच्या पोटात गेले.

ही विद्या पुण्यात आकाशातून पडली नाही. दख्खनमध्ये तिची दीर्घ परंपरा होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या खडकीला, नहर-ए-अंबरी आणली. औरंगाबादच्या नहरींवर दाब सांभाळण्यासाठी आणि हवा सोडण्यासाठी बांधलेले मनोरे आजही दिसतात. विजापूरच्या आदिलशाही पाणीव्यवस्थेत हेच काम ‘गंज’ नावाचे बुरूज करत. हे ज्ञान मराठी राज्याला घरच्या मैदानावर मिळाले. पेशव्यांनी ते एका वाढत्या ब्राह्मणी-व्यापारी शहराच्या गरजेला लावले.

यातली एक तांत्रिक बाब पुढच्या विवेचनाला आवश्यक आहे. भुयारी पाट पूर्ण भरून वाहत नसेल तर त्यातल्या पाण्याचा पृष्ठभाग मोकळा असतो आणि उच्छ्वासांमुळे त्यावर हवेचाच दाब राहतो. म्हणजे कात्रजचा तलाव शहरापेक्षा कितीही उंच असला तरी ती सगळी उंची कारंज्याच्या कामी येत नाही. वाटेतल्या घर्षणात आणि हौदांमध्ये ती खर्च होते. कारंज्याला उपयोगी पडते ती फक्त शेवटच्या हौदातल्या पाण्याची पातळी आणि कारंज्याचे भोक यांमधली उंची.

५. कमळाची रचना

कारंजे जमिनीत बसवलेल्या कमळाच्या आकाराचे आहे. सोळा पाकळ्या आणि दर पाकळीत सोळा धारा असे वर्णन प्रचलित आहे. सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६. तेव्हा ‘हजारी’ हा आकडा मोजणीचा धरायचे कारण नाही, मराठीत अशी नावे गौरवाने पडतात.

कमळ हा आकार शोभेसाठी निवडला असे सहसा मानले जाते. शोभा त्यात आहेच, पण त्याहून अधिक आहे. एका नळावर ओळीने भोके पाडली तर उगमाजवळची धार उंच आणि शेवटची बुटकी उडते, कारण वाटेत दाब घटत जातो. पाणी मधोमध आणून सर्व बाजूंना सारख्या लांबीच्या फाट्यांनी वाटले तर प्रत्येक पाकळीला जवळपास सारखा दाब मिळतो. वर्तुळाकार सममितीने हा प्रश्न आपोआप सुटतो. सोळा हा आकडाही कामाचा आहे : दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा असे दुभागत गेले की प्रत्येक फाट्याला समान वाटा मिळतो. दुसऱ्या शब्दांत, ज्या आकृतीकडे आपण नक्षी म्हणून पाहतो तीच पाणी वाटून देण्याची सोयीची आकृती आहे.

बांधणीच्या काळाबद्दल एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. कारंजे ‘तान्ह्या’ सवाई माधवरावासाठी बांधले असे सांगतात. माधवरावाचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला. नारायणरावाचा खून होऊन आठ महिने झाले नव्हते, बारभाईंचे राजकारण ऐन भरात होते आणि बाळाची पहिली काही वर्षे गडाच्याच आश्रयाने गेली. तेव्हा हे कारंजे ज्याच्या मनोरंजनासाठी बांधले तो पाळण्यातला बाळ असण्यापेक्षा चालता-बोलता बालपेशवा असण्याचा संभव अधिक आहे.

६. ऐंशी फुटांचा प्रश्न

कारंज्याच्या प्रचलित वर्णनांत ऐंशी फुटांचा उल्लेख येतो आणि तो बहुधा धारेच्या कमानीचा मानला जातो. हे तपासून पाहू.

धार जितकी उंच उडवायची निदान तितक्या उंचीवर पाण्याची पातळी हवी. ऐंशी फूट म्हणजे सुमारे साडेचोवीस मीटर. वाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर हौद बांधला तरी ही उंची जेमतेम साधेल, आणि नळातले घर्षण, भोकाशी होणारी घट, हवेचा अडथळा हे सगळे वजा जायचे आहे. बारीक धार तर काही मीटर वर गेल्यावर फुटून तुषार होते. शिवाय वरच्या मजल्यावरचा हौद म्हणजे सागवानी सांगाड्यावरचे ओझे : दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तीन फूट खोल अशा मध्यम हौदातले पाणीच साडेआठ टन भरते. ते तिथपर्यंत चढवणार कोण, हा प्रश्न वेगळाच.

तेव्हा ऐंशी फूट हे धारेचे माप म्हणून स्वीकारता येत नाही. तेच माप कुंडाच्या घेराचे मानले तर मात्र गणित सरळ बसते. ऐंशी फूट परिघाच्या वर्तुळाचा व्यास साधारण साडेपंचवीस फूट येतो. वाड्यातल्या चौकात किंवा बागेत शोभेल असे हे माप आहे, आणि सोळा पाकळ्यांत विभागले तर दर पाकळीच्या काठाला पाच फूट मिळतात. हे अनुमान आहे, पण पदार्थविज्ञानाशी भांडण न करणारे अनुमान आहे.

७. पाण्याचा हिशेब

आता धारा पुरुषभर उंचीच्या नव्हे, जेमतेम पाच फूट उडत होत्या असे धरू. दीड मीटर उंच उडणारी धार भोकातून सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर वेगाने निघते. भोक पाच मिलिमीटरचे धरले तर एका धारेला सेकंदाला साधारण एक दशांश लिटर पाणी लागते. अशा २५६ धारा म्हणजे मिनिटाला दीड हजार लिटर, तासाला सुमारे ९० हजार लिटर. वर सांगितलेला साडेआठ हजार लिटरचा हौद साडेपाच-सहा मिनिटांत कोरडा. भोक तीन मिलिमीटरवर आणले तर खर्च एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो, तरी तो तासाला ३० हजार लिटरच्या वर राहतो.

मापे गृहीत आहेत, पण त्यांतून निघणारे दोन निष्कर्ष मापांवर फारसे अवलंबून नाहीत. पहिला : हे कारंजे सदासर्वदा चालणारे नव्हते. पाणी साठवायचे, पाहुणा यायचा किंवा सण असायचा, तोटी उघडायची, थोडा वेळ उडवायचे आणि बंद करायचे, असाच त्याचा वापर संभवतो. दुसरा : तासाभराच्या खेळाला लागणारे ९० हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या सहा हजार घागरी. पेठेतल्या हौदावर घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या हिशेबाने ही रक्कम अवाढव्य आहे. वापरलेले पाणी बागेला सोडता येई हे खरे, पण पिण्याच्या हौदात ते परत जात नसे.

कारंजे म्हणूनच सत्तेचे विधान ठरते. दरबारी भाषेत सांगायचे तर, ज्याच्या घरी पाणी उधळता येते त्याच्या राज्यात पाण्याची ददात नाही. नाना फडणविसाच्या कारभारात पेशवा वयाने लहान आणि अधिकाराने परस्वाधीन होता. अशा वेळी पेशवेपदाचा थाट दृश्य स्वरूपात टिकवणे ही राजकीय गरज होती. बालपेशव्याचे खेळणे आणि वकिलांवर छाप पाडण्याचे साधन ही दोन्ही कामे एकाच कारंज्याने भागत.

मात्र याच्या जोडीला दुसरी बाजू ठेवली पाहिजे. त्याच कात्रजच्या नळावर शहरातले सार्वजनिक हौद भरत. नानांनी आंबेगावकडून सदाशिव पेठेच्या हौदासाठी आणखी एक नळ आणला. रास्त्यांसारख्या सरदारांनीही स्वतंत्र नळ बांधले. सत्ताधाऱ्यांची हौस आणि रयतेची तहान एकाच तंत्राने, पुष्कळदा एकाच नळाने, भागवली जात होती. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुण्याच्या पत्त्यांत टिकली ती यामुळेच. कुठल्या हौदाला सर्वांचा हात लागू शकत होता आणि कुठल्याला नाही, हा प्रश्न मात्र या गौरवकथेत विसरता कामा नये. जातीने अडवलेले पाणी शहराने पुढेही पाहिले. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच शहरात.

८. नजर : कारंजे कुठून पाहायचे?

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि २७ तारखेला वारले. ही आत्महत्या की तापाच्या भरातला अपघात, यावर इतिहासकारांत एकमत नाही. ग्रँट डफ जाणूनबुजून उडी घेतल्याचे सांगतो. आजारात तोल गेल्याचे मानणारेही आहेत. आपल्या विषयाशी संबंधित तपशील वेगळा आहे. पेशवे खाली पडले ते कारंज्याच्या नळावर, आणि त्यानेच मोठी इजा झाली, असे डफ नोंदवतो. हे हजारी कारंजेच होते असे तो म्हणत नाही. वाड्यात कारंजी एकापेक्षा जास्त होती, त्यामुळे दोन्ही एक मानण्याची घाई करू नये.

तरीही या नोंदीतून वास्तुरचनेचा एक नियम हाती लागतो. कारंजे सज्जाच्या किंवा खिडकीच्या थेट पायथ्याशी होते. म्हणजे ते वरून पाहायचे होते. हीच कसोटी हजारी कारंज्याला लावून पाहावी. सोळा पाकळ्यांचे कमळ जमिनीवर आडवे पसरलेले आहे. त्याच्या काठाशी उभे राहिले तर डोळ्यांना दिसतात त्या जवळच्या दोन-तीन पाकळ्यांच्या वळणदार कडा. पलीकडच्या पाकळ्यांची एकमेकींत मिसळून एक वाकडीतिकडी रेघ होते. कमळ पूर्ण उमलते ते वरच्या मजल्यावरून. धारा उडू लागल्या की प्रत्येक पाकळी पाण्याने रेखली जाई आणि चौकात पाण्याचेच फूल दिसे. ही रचना सज्जात बसलेल्या नजरेसाठी केली होती, चौकात उभ्या असलेल्या चाकरासाठी नव्हे. वाड्यातली उतरंड कारंज्याच्या भूमितीतही उतरली होती ती अशी.

९. आग, अवशेष, संरक्षण

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजी निशाण चढले आणि जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. पुढच्या दशकात वाड्याचा वापर नव्या राज्यकर्त्यांच्या सोयीने होऊ लागला : कलेक्टरचे बिऱ्हाड, तुरुंग, इस्पितळ, वेड्यांना ठेवण्याची जागा. फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली आणि ती सुमारे आठवडाभर धुमसत राहिली. सागवान वाळलेले, मजल्यावर मजले, चौकांमुळे हवा खेळती : वाड्याच्या गुणांनीच आगीला हात दिला. पुण्याच्या लाकडी वाड्यांचे हे दुखणे पुढेही राहिले. मे १८७९ मधल्या आगीत बुधवार वाडा गेला आणि विश्रामबाग वाड्यालाही झळ बसली.

आगीनंतर शनिवारवाडा तटाच्या आतल्या मोकळ्या जागेपुरता उरला. पुढच्या पटांगणात भाजीबाजार भरू लागला आणि १८८६ मध्ये रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उघडेपर्यंत तो तिथेच होता. आतल्या भागात सरकारी कामकाजाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि जोती त्यांच्याखाली दडली.

१७ जून १९१९ रोजी वाडा १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याखाली संरक्षित स्मारक जाहीर झाला. त्यानंतर १९२३ पर्यंत आतली नवी बांधकामे काढून आणि माती उपसून जुनी जोती, हौद, पाण्याचे मार्ग आणि कारंजे उघडे केले गेले. आज आपण जो शनिवारवाडा पाहतो तो पेशव्यांइतकाच या चार वर्षांच्या सफाईने घडवलेला आहे. विसाव्या शतकातल्या पुरातत्त्वाने बाकीचे थर बाजूला सारून पेशवाईचा थर निवडला. त्या निवडीत तुरुंग आणि इस्पितळाचा काळ जमिनीवरून पुसला गेला. १९५८ च्या कायद्याने आणि त्याच्या २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवती १०० मीटरांपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरांपर्यंत नियंत्रण अशी चौकट आली.

या चौकटीचे गुण मोठे आहेत. ती नसती तर शहराच्या मध्यावरची ही जमीन केव्हाच हातची गेली असती. पण तिचे एकक ‘जागा’ आहे, आणि कारंजे ही जागा नसून व्यवस्था आहे. तिचा उगम शनिवारवाड्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, मधला नळ शहराच्या पोटात आणि वरचा सज्जा १८२८ च्या राखेत. १०० आणि २०० मीटरांच्या वर्तुळात यांपैकी काहीच मावत नाही.

१०. निष्कर्ष

विवेचनातून चार गोष्टी निष्पन्न होतात. एक, वाड्याचा विनाश आणि कारंज्याचे टिकणे ही दोन्ही एकाच बांधकामपद्धतीची फळे आहेत : सौंदर्य लाकडात वर ठेवले, पाणी दगडात खाली ठेवले. दोन, कमळाची आकृती शोभेची तशीच दाबाच्या समान वाटपाची आहे. तीन, ऐंशी फूट हे धारेच्या उंचीचे माप असू शकत नाही, घेराचे असू शकते. माहितीफलकांवर आणि पुस्तकांत ते त्या शंकेसह यावे. चार, कारंजे वरून पाहण्यासाठी रचलेले होते, आणि ती नजर आगीत गेल्यामुळे आजच्या प्रेक्षकाला त्याची रचना कळणे अवघड झाले आहे.

यांतून जतनाचे कामही स्पष्ट होते, आणि त्याला मोठा पैसा लागत नाही. पंप बसवून धारा उडवणे हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. विजेच्या पंपाचा दाब कात्रजच्या पाण्याविषयी काहीच सांगत नाही. आधी कारंज्याच्या भोकांची, फाट्यांची आणि पुरवठा करणाऱ्या हौदाच्या पातळीची काटेकोर मोजणी हवी, म्हणजे वरचे गृहीत आकडे खऱ्या आकड्यांनी बदलता येतील. मग कात्रजचा नळ, उरलेले उच्छ्वास आणि पेठांतले हौद यांची वाड्यासह एकच नोंद व्हावी, एकाच नकाशावर. आणि कमळ वरून कसे दिसते याचे एक रेखाचित्र कारंज्याशेजारी लावावे. मोजणी झाली की ऐंशी फुटांचा वादही निकालात निघेल, आणि या लेखातले अनुमान चुकीचे ठरले तरी कारंज्याबद्दलचे आपले ज्ञान एका पायरीने पुढे सरकलेले असेल.